बुडवाट

ज्या दिवशी अख्खं गाव डोंगरावर असायला हवं होतं, त्या दिवशी अख्खं गाव झोपलं होतं. आदल्या रात्री हळद होती. आमच्याकडे, रबाळ्याच्या मागच्या आगरी वस्तीत, हळद हा लग्नाचा भाग नसतो. लग्न हे हळदीचं शेपूट असतं. मटण, डीजे, पहाटेपर्यंत नाच, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गल्लीत फक्त कुत्री जागी. मी पंधरा दिवस घरोघर पत्रकं वाटली होती. ‘वाट आमच्या पायांची! ताठ मानेने चालू!’ असा मथळा. बायकांनी पत्रक हातात घेऊन ‘येतो गो, येतो’ म्हटलं होतं. त्यातल्या एका पत्रकावर हळदीत कुणीतरी चखणा वाढलेला मी स्वतः पाहिला.

मुद्दा साधा होता, आणि साधा असल्यामुळेच कुणाच्या डोक्यात शिरत नव्हता. गावामागच्या डोंगराच्या दुसऱ्या टोकाला, महाप्याच्या अंगाला, आमची देवी आहे. देऊळबिऊळ काही नाही, शेंदूर फासलेला दगड आणि वर पत्रा. चैत्रात आमच्या घरातून तिची ओटी जाते, डोंगरमाथ्यावरून, पायी. ओटी नेण्याचा मान घरातल्या थोरल्या लेकीचा. सध्याची थोरली लेक म्हणजे माझी आत्या.

आजोबांच्या काळात त्या माथ्यावर गुरं चरायची, इतका तो रुंद होता. मग दोन्ही बाजूंनी दगडाच्या क्वाऱ्या लागल्या. एका बाजूने सुरुंग, दुसऱ्या बाजूने सुरुंग. डोंगर दोन्हीकडून खात खात आणला आणि मध्ये ठेवली ती एक धार. मागच्या पावसाळ्यात तिचाही मधला तुकडा ढासळला. आणि एवढं खाऊन पोट न भरलेल्या कंत्राटदाराने आता ती धारही मागितली. अर्जात लिहिलं, वर वहिवाटीची वाट नाही, माणसांचा वावर नाही. म्हणजे आधी वाट खायची आणि मग ढेकर देत विचारायचं, कुठाय वाट?

मी हरकत घेतली. बऱ्याच चकरा मारल्यावर ठरलं की ओटीच्या दिवशी तहसील कचेरीचे साहेब पाहणीला येतील. लोक वाटेने जाताना दिसले तर वाट आहे. नाही दिसले तर नाही. संपलं. एका सकाळवर सगळं टांगलेलं, आणि गाव हळद उतरवत पडलेलं.

पायथ्याला पोचले तर साहेब आधीच हजर. छत्री, पाण्याची बाटली, आणि तोंडावर ‘आज रविवार असता तर बरं झालं असतं’ असा भाव. शेजारी कंत्राटदाराचा माणूस, काळा गॉगल लावून, साहेबांना थंडा पाजत होता.

“मॅडम, पब्लिक कुठे?” गॉगलने विचारलं.

“येतायत.”

“कधी? हळद धुऊन झाली की?”

मी काही बोलणार तेवढ्यात रिक्षातून आत्या उतरली. जवळच्या पावणे गावात एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ती पोळ्या लाटते. त्या दिवशी खाडा करून आली होती. हिरवी साडी, पायात प्लास्टिकच्या चपला, हातात कापडी पिशवी. पिशवीत नारळ, खण, बांगड्या, तांदूळ.

“बाकीच्या कुटं?” तिने विचारलं.

“झोपल्यात.”

“झोपू दे. ओटी एकच हाय, उचलाला दहा जनी कशाला?”

गॉगल पुढे आला. “काकू, जीप आहे ना आपली. क्वारीच्या रस्त्याने थेट देवीपाशी सोडतो. तुमचे भाऊ मागच्या टायमाला जीपनेच आले ना?”

हे खरं होतं. काकांना ती जीप फार आवडते. पुढच्या सीटवर बसतात आणि काच खाली करून ओळखीच्या लोकांना हात करतात. मी पत्रकात त्यांचं नाव न घेता त्यांच्यावर एक परिच्छेद लिहिला होता, तो त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाले, छान लिहिलंय, हा कोण हलकट?

“देवीला पायी जातान,” आत्या गॉगलला म्हणाली. “जीपमदी तुजे सायबाला फिरव.”

“साहेब, तुम्ही येताय ना वर?” मी विचारलं.

साहेबांनी डोंगराकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. “इथून सगळं दिसतं,” म्हणाले.

आम्ही निघालो. चढ नेहमीचा. करवंदीच्या जाळ्या, वाळलेलं गवत, मुरूम. माथ्यावर आलो आणि समोर धार पसरली. डावीकडे कारखान्यांची निळी छपरं आणि त्यांच्यामागे चकाकणारी खाडी. उजवीकडे क्वारीचा खड्डा, तळाशी हिरवं पाणी, त्यापलीकडे महाप्याच्या काचेच्या इमारती. आणि आपण मध्ये, ज्या जागेवर दोन पावलं शेजारीशेजारी ठेवता येत नाहीत त्या जागेवर. माणसांना धारेवर धरण्यात माझा हातखंडा आहे. धारेवर उभं राहणं हे वेगळं काम आहे, हे मला तिथे कळलं.

आत्या पुढे, मी मागे. माझ्या हातात मोबाइल. मला एक फोटो हवा होता. हिरवी साडी, हातात ओटी, मागे फोडलेला डोंगर, आणि ताठ मान. पत्रकाच्या पहिल्या पानावर तो फोटो मी मनातल्या मनात छापूनही टाकला होता.

ढासळलेल्या तुकड्यापाशी आत्या थांबली. धार तिथे आणखी निमुळती होत गेलेली, वरचा मुरूम सुटा, गोट्यांसारखा घरंगळणारा. तिने एकदा उजवीकडे खाली पाहिलं. आणि सरळ खाली बसली.

“आत्या, काय झालं?”

“पाय नाय म्हनतान.”

“म्हणजे?”

“मंजे नाय म्हनतान. तुज्या पत्रकातल्या बायकांसारके.”

“उठ ना. साहेब खालून बघतायत.”

“बगू दे.”

“अगं, हे सगळं त्यासाठीच चाललंय! तू बसलीस तर तो लिहील, जाता येत नाही म्हणून. मग वाट गेली. कळतंय का तुला?”

“मना समदं कळतं. पायांना तू सांग.”

खालून गॉगलचा आवाज आला. खड्ड्यात आवाज घुमतो, त्यामुळे तो सगळीकडून आल्यासारखा वाटला. “ओ काकूऽऽ! या खाली! एसी आहे गाडीत!”

“जल्लं तुजा एसी!” आत्या ओरडली. मग तिने पिशवीचे बंद गळ्यात अडकवले, साडी गुडघ्यांपर्यंत वर घेतली, पदर कमरेला खोचला. चपला काढून पिशवीत ओटीशेजारी कोंबल्या. दोन्ही पाय दोन्ही बाजूंना सोडून बैलावर बसावं तशी ती धारेवर बसली, हात पुढे टेकले, आणि बूड उचलून एक टप्पा पुढे सरकली.

“आत्या, असं नको! निदान उभी राहा, एक फोटो तरी—”

“पाठीमागनं काढ.”

मला इतका संताप आला होता की काय सांगू. कंत्राटदाराचा, हळदीचा, साहेबांच्या छत्रीचा, आणि त्या क्षणी सगळ्यात जास्त आत्याचा. ‘ताठ मानेने चालू’ असं छापायचं आणि पुढे हे! मी ठरवलं, निदान एकीने तरी उभ्याने जायचं. पाऊल टाकलं. पायाखालचा एक दगड सुटला. तो खाली जातानाचा आवाज आला, मग थांबला, मला वाटलं संपलं, आणि मग बऱ्याच वेळाने पाण्यात पडल्याचा आवाज आला. पुढचं मला नीट आठवत नाही. मी बसले असं म्हणता येणार नाही. बूड आपणहून टेकलं.

“आयलीस?” आत्याने मागे न बघता विचारलं.

“आले.”

“मोबाइल खिशात घाल. हात मोकले ठेव.”

अशा आम्ही दोघी सरकत निघालो. दगड टोचत होता, जीन्स घासत होती, वारा डावीकडून ढकलत होता. मी बडबडत होते. भीती वाटली की मी भाषण करते, ही जुनी सवय. प्रशासन, पर्यावरण, येणाऱ्या पिढ्या, सगळं त्या वाऱ्याला सुनावलं.

“तू तुज्या पिढ्यांसाटी आयलीस,” आत्या मध्येच म्हणाली. “मी नाय.”

“मग कशासाठी? देवीसाठी?”

ती दम खायला थांबली. “शेत गेलं तवा पैसे आयले. भावांनी सांगितलं, हक्कसोडीवर सही कर. केली. घराची आयली, ती पन केली. तुज्या बापानीच पेन दिलेला. माजं माहेरचं काय रायलं, सांग? ही ओटी रायली. जमिनीवर सही केली मी. वाटेवर नाय केली.”

आणि परत सरकू लागली.

जगातल्या सगळ्या अन्यायांवर माझी पत्रकं आहेत. ह्या एकावर नाही, आणि तो आमच्याच घरातला. बाबांचं ते पेन मला माहीत आहे. अजून कपाटात आहे.

तुकडा संपला. पुढे धार जरा रुंद होते. तिथे आत्या उठली, साडी झाडली, चपला घातल्या आणि काही झालंच नाही अशी चालायला लागली. मला उठायला तिच्यापेक्षा वेळ लागला.

देवीपाशी तिने ओटी भरली. नारळ, खण, बांगड्या, तांदूळ. एक बांगडी पिशवीतच फुटली होती, ती तिने कपाळाला लावून बाजूला ठेवली. फोटो काढायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

क्वारीच्या रस्त्याने उतरून पायथ्याशी आलो. साहेब कागद घेऊन बसले होते. गॉगल हसत होता, तोंड लपवण्याचीही तसदी न घेता.

“मॅडम,” साहेब म्हणाले, “तुमचा हरकतीचा अर्ज पायवाटेचा आहे.”

“हो.”

“पायवाट म्हणजे पायांनी चालतात ती. तुम्ही मुख्य भागात चालला नाहीत. बसून गेलात.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “अहो, ती वाट ह्यांनी फोडली म्हणून बसावं लागलं! दोन्हीकडून खाल्ली म्हणून! आधी माणसाचे पाय तोडायचे आणि मग म्हणायचं चालत नाही?”

“ते वेगळं प्रकरण. त्याचा वेगळा अर्ज करा.”

“वेगळा अर्ज?”

“साहेब बरोबर बोलतायत,” गॉगल म्हणाला. “नियम म्हणजे नियम. ये क्या रोड है? ये तो घसरगुंडी है.”

मी तोंड उघडलं. माझ्याकडे वाक्यं होती, एकापेक्षा एक, सगळी उद्गारचिन्हं लावलेली. पण आत्या माझ्या आधी बोलली. आमच्या बोलीत अहोजाहो फारसं नाही, साहेब असो की देव.

“पायवाट नाय, तर बुडवाट लिव.”

साहेबांनी वर पाहिलं. “काय?”

“बुडवाट. आमी बुडानी गेलो. तू बगितलं ना?”

“बघितलं, पण—”

“अलीकडनं पलीकडं गेलो का नाय?”

“गेलात.”

“मंग वाट हाय का नाय? वाट नसती तर पलीकडं गेलो कसे, उडून? तू बगितलं तेवरं लिव. जास्ती नको, कमी नको.”

“साहेब, असा शब्दच नाही,” गॉगल म्हणाला. आता तो हसत नव्हता.

“मला माहितीय शब्द नाही!” साहेब त्याच्यावरच खेकसले. ऊन चढलं होतं, थंडा संपला होता, आणि मला वाटतं त्यांना घरी जायचं होतं. न्यायबियाय काही नाही. त्यांनी लिहिलं आणि मी मागितलं म्हणून वाचून दाखवलं: देवीच्या ओटीसाठी दोन महिला सदर धारेवरून काही भाग चालत व काही भाग बसून सरकत पलीकडे गेल्याचे प्रत्यक्ष पाहिले. सबब वावर दिसून येतो.

“वावर दिसून येतो,” मी म्हटलं.

“बुडवाट नाय लिवली,” आत्या म्हणाली, नाराज होऊन.

कंत्राटदाराच्या अर्जावर निर्णय अजून झालेला नाही. तारखा पडतायत. पण ‘वावर नाही’ असं त्यांना आता म्हणता येत नाही, आणि निर्णय होईपर्यंत धारेला सुरुंग लावता येत नाही.

खरा वैताग पुढे आहे. त्याच संध्याकाळी आत्याने गल्लीत सगळं सांगितलं, हातवारे करून, एकदा तर ओट्यावर बसून सरकून दाखवलं. बायका पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मला रस्त्यात थांबवतात. “पुडच्या वर्सी आमी पन येतो हां बुडवाटेला.” “साडी चालेल का लेगिन्स घालू?” काकांनी तर विचारलं, पुरुषांना चालतं का. जीपमध्ये बसणारे काका! पंधरा दिवस मी स्वाभिमान, हक्क, संघर्ष वाटत फिरले आणि एक बाई आली नाही. आता बूड घासायला अख्खी गल्ली तयार.

तर नवं पत्रक लिहिलं. आत्याला वाचून दाखवलं. ‘ताठ मानेने’ तिने काढायला लावलं. हक्कसोडीचा एक परिच्छेद मी घातला होता, तो तिने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, “राहू दे. बापाला दाखव आदी.” दाखवला. बाबांनी वाचला, चष्मा काढला, आणि चहा थंड झाल्याची तक्रार केली. काढ असं मात्र म्हणाले नाहीत.

छपाईवाल्याचा काल फोन आला. “ताई, मथळ्यात मिस्टेक झालीय बहुतेक. बुडवाट आलंय. पायवाट करू ना?”

“नाही.”

“मग काय करू?”

“ब ला पहिला उकार,” मी म्हटलं, “आणि अक्षर मोठं घ्या.”