तांब्याशेजारी जस्त

कापसाच्या तेजीत अमरावतीच्या तारघरात जीव मेटाकुटीला यायचा. मुंबईचा भाव काय म्हणून व्यापारी सकाळपासून दारात उभे. त्या दसऱ्याला मात्र भाव गेला चुलीत! बायको पहिलटकरीण, माहेरी अकोल्याला, आणि तिला कळा सुरू झाल्याचं आदल्या संध्याकाळीच तारेनं कळलेलं. तिथला तारबाबू माझा दोस्त; पुढचं तोच कळवणार होता.

दसऱ्याला आमचा जमादार तारघरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करी. यंदा त्यानं तारेला वीज पुरवणाऱ्या बरण्याही सोडल्या नाहीत. सुट्या करून, पुसून, हळदकुंकू लावून परत जोडल्या.

तेवढ्यात यंत्र वाजलं. अकोला हाक मारत होता. मी कळ दाबून ‘बोल’ म्हटलं. पुन्हा हाकच. पुन्हा ‘बोल’. पुन्हा हाक! त्याची वीज मला पोचत होती, माझी त्याला पोचत नव्हती, आणि उत्तर आल्याशिवाय निरोप सोडायचा नाही असा कायदा.

धावलो बरण्यांकडे. प्रत्येकीत एक पत्रा तांब्याचा, एक जस्ताचा. एकीचं तांबं दुसरीच्या जस्ताला जोडलं की जोर एकावर एक चढतो. इथं सगळी तांबी एका तारेला, सगळी जस्तं दुसरीला!

“हे काय करून ठेवलं?” मी ओरडलो.

“काहून? पंगतीत ज्याची त्याची जागा नाही का, बाबूसाहेब? तांब्यापाशी तांबं बसोलं.”

कपाळ माझं! घागरी शेजारीशेजारी मांडल्या तर पाणी रगड, पण उंची एका घागरीचीच. उतरंड रचावी तेव्हा उंची येते. विजेचंही तसंच. किती वीज गेली आणि किती उंचीवरून उतरली, दोन्ही मिळून काम ठरतं. अकोल्याच्या यंत्रातली लोखंडी पट्टी हलवायचं काम एका बरणीच्या उंचीनं कसं व्हायचं? एवढ्या लांब तारेतच तिचा दम जायचा.

सगळं पुन्हा जोडलं. ‘बोल!’ आता अकोल्याचा दोस्त बोलला:

“पोरगी झाली. दोघी बऱ्या आहेत. पण तुह्यं उत्तर नाही म्हणून बायको रडून राहिली. पोरगी झाली म्हणून रुसले, म्हणते. काय सांगू तिले?”

माझे डोळे भरून आले. अगं वेडे! कळेवर बोट ठेवलं आणि गावभर साखर वाटायला सांगितलं.

जमादार मागून हळूच म्हणाला, “अन् पंगत म्या चुकवली, तेबी सांगा तिले.”