दोरावरच्या माणसाचा चाकू

बॅगा शिवायच्या कारखान्यात तिला सगळे जपूनताई म्हणत. कुणी जिना उतरायला लागलं की ती म्हणायची, "जपून." कुणी गरम चहाचा कप उचलला तरी, "जपून हं." बाकीच्या बायका हसायच्या. "अगं, आम्ही श्वास घेतोय, तेवढा घेऊ दे," म्हणायच्या. तीही हसायची. पण नवरा दोरावर लटकून उंच इमारतींच्या काचा धुतो म्हटल्यावर बाईच्या तोंडात दुसरा शब्द कुठून येणार? सकाळी तो बाहेर पडला की संध्याकाळी दाराशी त्याचे बूट दिसेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा.

मध्यंतरी एक प्रकार घडला. त्याच्या जोडीदाराचा सदरा उतरता उतरता दोराच्या कडीत ओढला गेला आणि गळ्याशी आवळला. कापून मोकळं व्हावं, तर खिशात काही नाही. वरून दुसरा माणूस पोचेपर्यंत तो तसाच लटकत राहिला. त्या दिवसापासून मुकादमाने सांगून टाकलं, ज्याच्या खिशात चाकू नाही त्याने दोराला हात लावायचा नाही.

"तूच आण," नवरा म्हणाला. "पात्याचं तुला कळतं. मला तो दुकानदार काहीही गळ्यात मारेल."

तिला कळत होतं, म्हणूनच धडकी भरली. बॅगेचा जाड पट्टा सैल असला तर कापताना घाम फुटतो. तोच ताणून धरला तर पातं टेकताच दुभंगतो. आणि हिचा माणूस ताणलेल्या दोरावर.

दुकानात जाताना तिने पर्समध्ये त्याचा एक हातमोजा आणि पट्ट्याचा तुकडा घेतला. देवासमोर हात जोडले आणि निघाली.

दुकानदाराने पहिला घडीचा चाकू मनगटाच्या एका झटक्यात उघडून दाखवला. "बघा ताई, लोण्यासारखा."

"इतका लोण्यासारखा नको. खिशात आपोआप उघडला तर?"

दुसरा मोजा घातलेल्या हाताने उघडेचना. तिसऱ्याचं टोक सुईसारखं होतं. चौथ्याला वेळ लागायला लागला तसा दुकानदार म्हणाला, "ताई, जावई निवडतानासुद्धा लोक एवढं बघत नाहीत."

"जावयाच्या भरवशावर कुणी इमारतीवरून लटकत नाही हो."

पाचवा तिला पटला. टोक बोथट, मूठ खरखरीत, मागे दोरी ओवायला भोक. एका हाताने उघडला की मुठीतली एक पोलादी पट्टी पात्याच्या बुडाशी येऊन अडकायची, पातं मिटू द्यायची नाही. तिने बोटं बाजूला ठेवून पात्याची पाठ गल्ल्याच्या कडेवर सगळा भार टाकून दाबली. पट्टी हलली नाही. उलटा धरून हलवला, उघडला नाही. पट्ट्याचा तुकडा एका ओढीत कापला. मग कुठे तिने पर्स उघडली.

पुढच्या सुट्टीला ती घरचं शिलाई मशीन पुसून तेल घालायला बसली. शेजारी चाकू होता. साबणाच्या पाण्याने त्याचा सांधा कचकच करत होता. तिने तो धुतला, वाळवला, सांध्यात तेल सोडलं आणि हात आखडता कशाला घ्यायचा म्हणून त्या पट्टीवरही दोन थेंब टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा तो खिशात घालून कामाला गेला.

दुपारी कारखान्यात एक मशीन अडलं. दुरुस्तीवाले काका मोटर उघडून बसले होते. एकीने तेलाची बुधली पुढे केली, तशी ते म्हणाले, "तिथं नको. ती पकड आहे. तिला तेल लागलं की नुसती धरल्यासारखी दिसते, धरत नाही."

जपूनताईला चाकूच्या पट्टीवरचे ते दोन थेंब आठवले. तिने फोन लावला. वाजत राहिला. दोरावर जाताना फोन खालीच ठेवतात, हे माहीत असून ती लावत राहिली. शेवटी कुणाला न सांगता निघाली. बसमध्ये बसायला जागा होती, पण ती उभीच राहिली. ओठ हलत होते. देवाचं नाव घेताना मधेच तिला तेलाने चमकणारं ते पातं दिसायचं आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

ती त्या इमारतीखाली पोचली, तसा मुकादम धावत पुढे आला. "वहिनी, तुम्ही इथं? घरी काही झालं का?"

"त्यांना खाली बोलवा. हाक नका मारू, दचकतील."

मुकादम वायरलेसवर बोलला. नवरा सावकाश उतरत आला. पाय जमिनीला लागताच तिने हात पुढे केला.

"चाकू द्या आधी."

त्याने काढून दिला तेव्हा तिचं लक्ष मोज्यावर गेलं. चारही बोटांवरून एक सरळ चीर गेली होती.

"सकाळी जाहिरातीच्या फलकाची दोरी कापत होतो," तो म्हणाला. "मिटला अचानक. वाटलं, माझाच हात घसरला."

"आणि तसाच खिशात ठेवलात?"

तिने चाकू उघडून पात्याची पाठ भिंतीच्या कडेवर टेकवली. जोर लावावाच लागला नाही, पातं मिटलं. तिने तेलाचं सांगितलं.

"आता घरी चला," ती म्हणाली.

"अगं, अर्धी काच साबणाची आहे. डाग धरेल. दोनच फेऱ्या."

मुकादमाने औषधाच्या पेटीतून स्पिरिट दिलं. तिने पट्टी पुसली, पात्याचं बूड पुसलं, कापूस पांढरा निघेपर्यंत पुसत राहिली. बोटं बाजूला ठेवून पातं दाबलं. पट्टीने धरलं. पुन्हा दाबलं. धरलं. मग तिने मूठ तशी पकडली, जशी तो वर पकडतो. चारही बोटं पात्याच्या वाटेत.

"अगं, बोटं काढ. शिवायची बोटं आहेत ती."

"तुमची काय वेगळी आहेत?"

तिने डोळे मिटून भार टाकला. पातं हललं नाही. डोळे उघडून बोटं पाहिली, मग चाकू मिटून त्याच्या हातात दिला. मुकादमाने दुसरा मोजा आणला. नवरा वर गेला.

तिला वर बघवेना. दोराचं उरलेलं टोक जमिनीवर पडलेलं होतं. तो वर हलला की ते इकडून तिकडे सरकायचं. ती त्या टोकाकडे बघत उभी राहिली. मधेच ते थांबायचं, आणि ते पुन्हा सरकेपर्यंत तिला देवाचं नाव घ्यायचंही सुचायचं नाही.