टोकन बसवलं ती दुपार
पिकल्या सीताफळाचा वास आला की तेलगावची ती दुपार आठवते. तिथल्या फळव्यापाऱ्यांसाठी मी पायथनमध्ये वेबसाइट बांधली होती. सकाळी एकानं पासवर्ड टाकला की साइट उघडीच राहायची आणि दिवसभर कुणीही येऊन भाव बदलायचं, म्हणून मी टोकन, म्हणजे ओळख पटवणारा गुप्त कोड, बसवलं. ज्याचं त्याला वेगळं, ते दाखवल्याशिवाय सर्व्हर काही बदलू देणार नाही. त्या दुपारी मी टोकन न देता भाव बदलून पाहिला आणि सर्व्हरनं मला साफ नकार दिला. जमलं! घरातला पहिला पदवीधर मी. हे आधी वडिलांना, अण्णांनाच सांगायचं होतं. ते आडतीत गवतावर फळं निवडत होते. "अण्णा, टोकन नसलं की आता मला बी अडवतंय!" "तूच केलंस की रं," ते म्हणाले, "मग तुलाच कावून अडवतंय?" हमाल हसले, "मालकालाच वळखंना की!" मी समजावू लागलो, पण तोंडात आले ते सगळे कॉलेजातले इंग्रजी शब्द. अण्णांनी बराच वेळ मान हलवली, "लई भारी हाय" म्हणाले आणि पुन्हा फळांकडे वळले. आज ऑफिसात असलं काम सगळ्यांना अर्ध्या वाक्यात कळतं. कुणी कौतुक केलं की मी घरी फोन लावतो. अण्णा विचारतात, "काम बरं चाललंय ना?" मी म्हणतो, "चाललंय की."