नाट्याला जायची परवानगी

“पाकिस्तान कोण आहे? आत या.”

हवालदाराने दारात येऊन हाक मारली. रत्नागिरीच्या पोलीस कचेरीचा व्हरांडा माणसांनी भरलेला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी उठले. बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बाईने आपलं पोर मांडीवर ओढून घेतलं. यंदा सुरमई कशी मिळत नाही ते हीच बाई मघाशी मला सांगत होती.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचा सुमार असेल.

मी नाटे गावची. बाप तांडेल, होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या. वयात आले तसं लग्न झालं, नवरा कराचीला. आमच्या बंदरपट्टीतल्या कितीतरी मुली तेव्हा तिकडे दिल्या होत्या. तिकडे गेल्यावर नवऱ्याने मला तिथला पासपोर्ट काढून दिला. सही माझीच. त्या सहीने मी इथली उरले नाही, हे कोणी सांगितलं नाही. नवरा वारला. मूलबाळ नाही. सासरचे म्हणाले, “तुझ्या हिंदुस्तानात जा.” मी आले. इथे मी पाकिस्तानी निघाले.

व्हिसा रत्नागिरी शहरापुरता. भावाकडे राहायचं, हजेरी द्यायची, शहराबाहेर जायचं तर परवानगी. भाऊ चांगला. पण घरी कोणी आलं की भावजय मला आतल्या खोलीत पाठवी. मी तिथे बसून बाहेरचं हसणं ऐकायची.

त्या दिवशी मी परवानगीच मागायला गेले होते. आई नाट्याला अंथरुणावर होती.

साहेब घाटावरचे. समोर खुर्ची रिकामी. बसा म्हणाले नाहीत.

“मराठी छान बोलता. कुठे शिकलात?”

“साहेब, आई फार आजारी आहे. बघून लगेच परत येते.”

“नाटे म्हणजे बंदर. होडीत बसून पळालात तर?”

हवालदार हसला. साहेब हसले. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची अजून शिसारी येते.

“सोमवारी या.”

सोमवारी साहेब दौऱ्यावर. पुढच्या खेपेला मीटिंगमध्ये. मग नाट्याहून माणूस आला. आई गेली होती.

भाऊ म्हणाला, “मी पुढे होतो. तू परवानगी काढून ये.”

 मी चपला घातल्या आणि त्याच्या आधी एसटी स्टँडवर पोचले.

गाडीत तो माझ्यापासून लांब बसला. घाबरला होता. मी त्याला दोष देत नाही. पण त्या सबंध वाटेत मला माझं म्हणावं असं कोणी नव्हतं.

आईला शेवटची आंघोळ मी घातली. तिचं अंग लहान पोरीसारखं हलकं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन कचेरीत गेले. साहेबांसमोरची खुर्ची ओढली. बसले.

“मी नाट्याला गेले होते. परवानगी नव्हती. लिहून घ्या.”

“देशाबाहेर काढता येईल तुम्हाला. कळतंय का?”

“कळतंय. आईला आंघोळ घालून आले. तेही लिहा.”

या वेळी कोणी हसलं नाही.

देश सोडण्याची नोटीस आली. भाऊ म्हणाला, “गुपचूप जा गो बाय. माझ्या पोरांचा विचार कर.” मी त्याचं घर सोडलं. शहरातच, राजिवडा मोहल्ल्यात एका म्हातारीच्या पडवीत जागा मिळाली. तिथे मशीन टाकून झबली शिवते. वकील गाठला. त्याने कोर्टातून नोटिशीला स्थगिती आणली, नागरिकत्वाचा अर्ज दिला. अर्ज दिल्लीत पडून आहे. एका सहीने गेलेलं परत मिळायला किती वर्षं लागतील, ते वकिलालाही सांगता येत नाही.

माझ्याकडे कोणी येत नाही. ईदला भावाकडून डबा येतो, भाऊ येत नाही.

अर्ज फेटाळला तर दुसरा करीन. तोही फेटाळला तर त्यांना मला उचलून न्यावं लागेल. भर दिवसा, बाजारातून, सगळ्यांच्या देखत. मी माझ्या पायांनी जाणार नाही.