तुहे टक्के किती वं?

झेरॉक्सच्या दुकानात माणूस कागदाची प्रत घेऊन जातो, पण त्याची गोष्ट काउंटरवरच ठेवून जातो. रिठदच्या बसस्टँडजवळ माझं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो. कागद संपतो, टोनर संपतो, किस्से मात्र साचतच राहतात. अन् अपंगांचा पगार बंद होणार अशी अफवा आली, तेव्हा तर विचारूच नका!

माझा उजवा पाय पोलिओचा. म्हणून असेल, दुकानासमोरच्या बाकड्यावर आमचीच मंडळी जमते. पाय गेलेली शोभा, कानाला मशीन लावणारा गजानन, आणि जन्मापासून न दिसणारे शेषराव मामा. चौघांनाही निराधार योजनेचे पैसे मिळतात. सरकार त्याला अर्थसहाय्य म्हणतं, आम्ही पगार म्हणतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी शोभावर जळते. आम्ही एका वर्गात होतो. खो-खोमध्ये ती तालुक्यापर्यंत गेली, तेव्हा मी तिच्या पायांवर जळायची. लग्नानंतर ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरमध्ये तिचा डावा पाय घोट्यापासून गेला. तेव्हा मी आठ दिवस रडले. मग तिचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट आलं, त्यावर साठ टक्के! माझे पंचेचाळीस.

त्या दिवसापासून मी तिच्या टक्क्यांवर जळायला लागले.

* * *

आमच्या बाकड्यावर नवीन माणूस आला की कोणी नाव-गाव विचारत नाही. पहिला प्रश्न, "तुमचे किती टक्के?"

पंचेचाळीस म्हटलं की लोक जरा सरकून बसतात. शोभाने साठ म्हटलं की तिला पाणी देतात.

एकदा आसेगावचे एक गृहस्थ आले. हाताची दोन बोटं गेलेली. पगाराला निदान चाळीस लागतात, तिथं कसेबसे पोचले होते. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! मी त्यांना चहा सांगितला, बिस्किट सांगितलं. आपल्यापेक्षा कमी असलेला माणूस किती गोड वाटतो!

शेषराव मामा सगळं ऐकत होते. त्यांचे शंभर टक्के. ते म्हणाले, "झालं का तुमचं? आता मेरिटवाल्याले बी अर्धा कप सांगा!"

* * *

तर ती अफवा.

झालं असं होतं की, खोट्या सर्टिफिकेटवाल्यांना शोधायला सगळ्यांची पडताळणी करायची आणि नियम बदलायचे, असा काहीतरी प्रस्ताव होता. प्रस्ताव म्हणजे नुसता विचार. मी सरकारी साइटवर जाऊन पाहिलं, फोन करून विचारलं, आणि मोठ्या अक्षरात प्रिंट काढून भिंतीवर चिकटवलं: "अजून काहीही ठरलेलं नाही. घाबरू नये."

त्याच दिवशी शोभाच्या मोबाइलवर एक मेसेज आला. सोबत कोण्या अनोळखी माणसाचा आवाज. "साठ टक्क्यांच्या आतले सगळे बाद! पुढच्या महिन्यापासून पगार बंद! हा मेसेज दहा अपंगांना पाठवा!"

शोभाने बाकड्यावर बसून आवाज मोठा करून लावला. बसस्टँडवरची माणसं गोळा झाली. एक बाई रडायला लागली. मी ओरडून सांगत होते, "अवं, भितीवर वाचा ना! काहीच ठरलं नाई!"

एक म्हातारबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तुह्या कागदाले आवाज कुठं हाय?"

बारा वर्षं मी ह्या गावाचे फॉर्म भरते. एकही चुकला नाही. आणि ऐकायचं कोणाचं, तर शोभाच्या मोबाइलचं! त्या दिवशी मी दुकानाचं शटर जरा जास्तच जोरात ओढलं.

* * *

गजानन तसा शांत माणूस. सोयाबीनची चार एकर शेती, बायको सुमन, आणि कानातली ती मशीन. मशीन लावली की त्याला बऱ्यापैकी ऐकू येतं.

कोणीतरी त्याला सांगितलं, "मशीन लावून ऐकू येते तं तू बहिरा कायचा? साहेब येईन, मशीन पाहीन, अन् नाव कापीन!"

गजाननने मशीन काढून डब्यात ठेवली. आठ दिवस तसाच फिरला. सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू होती. तो वाकून सोंगत होता आणि सुमन मागून ओरडत होती, "साप! साप हाय तुमच्या पुढं!"

गजाननला वाटलं, बायको चहाला बोलावते आहे. तो हात हलवून म्हणाला, "एवढी ओळ काढतो, मंग येतो!" आणि एक पाऊल पुढं गेला.

सुमनने पायातली चप्पल काढली आणि नेम धरून मारली. थेट पाठीत! हा चिडून मागे वळला, तेवढ्यात साप बांधाकडं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो मशीन लावून बाकड्यावर आला. पाठ चोळत म्हणाला, "पगार जाऊ दे भाऊ. बायकोच्या शिव्या ऐकू आलेल्या बऱ्या!"

* * *

शेषराव मामांना कशाची भीती नव्हती. "शंभरच्या वर तं कोणी नाई ना? मंग मले कोण काढते?"

पण त्यांना हयातीचा दाखला पाहिजे होता. म्हणजे आपण जिवंत आहोत, हे मोबाइलला दाखवायचं. मी ॲप उघडून मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. स्क्रीनवर सूचना आली, डोळे मिचकावा.

मामांचे डोळे जन्मापासून मिटलेले. पापणी उघडतच नाही, तर मिचकावणार काय? ॲप म्हणे, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केला. पुन्हा तेच.

"काय म्हणून राह्यला तो?" मामांनी विचारलं.

"डोळे मिचकवा म्हणते."

मामा मोबाइलकडे वाकले. म्हणाले, "त्याले सांग, पयले तू मिचकव. मी पायतो, मंग मी मिचकवतो."

शेवटी अंगठ्यावर काम झालं. मामा जिवंत निघाले. पण घरी जाताना त्यांनी माझा हात नेहमीपेक्षा घट्ट धरला होता. फाटकापाशी हळूच म्हणाले, "अंगठा बी घासून गेला असता, तं मंग काय केलं असतं वं पोरी?"

मी फाटकाची कडी काढून दिली.

* * *

आता माझ्या पापाचा किस्सा.

मेसेज फिरून फिरून बदलत गेला. आधी होतं "साठच्या आतले बाद". मग आलं "साठपर्यंतचे बाद". शोभाचे टक्के बरोबर साठ!

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती काउंटरवर वाकून, आवाज खाली करून मला म्हणाली, "वनिता, तू एवढं वाचतं. साठ म्हंजे आत का बाहेर?"

मला माहीत होतं. आत नाही आणि बाहेर नाही, कारण काही ठरलेलंच नव्हतं. एका वाक्याचं काम होतं.

पण मला तो आवाज मोठा करून लावलेला मेसेज आठवला. मी चष्मा पुसला. म्हणाले, "पाहावं लागीन. काठावरचं प्रकरण हाय."

तिचं तोंड एवढंसं झालं. "काठावरचं म्हंजे?"

"म्हंजे इकडं बी जाऊ शकते, तिकडं बी."

ती कुबडी घेऊन उठली. जाताना दोनदा थांबली, मला वाटलं वळेल, पण वळली नाही. मी मशीनमध्ये कागद भरत राहिले. खोटं कशाला सांगू, दोन तास मला लय छान वाटलं.

संध्याकाळी तिचा नवरा आला. "वनिताताई, शोभा इथं हाय का?"

ती दुपारीच निघाली होती. घरी सांगितलं नव्हतं. मागाहून कळलं, रिसोडला तहसीलमध्ये विचारायला गेली होती, एकटी. परतीची बस चुकली, म्हणून फाट्यापर्यंत कोणाच्या तरी गाडीवर आणि तिथून कुबडीवर. आम्ही दोघं तिला शोधत फाट्याकडे निघालो, तर ती समोरून येताना दिसली. हाताच्या तळव्यांना फोड आले होते.

मला पाहून ती म्हणाली, "वनिता, तिथला बाबू म्हणते, काईच ठरलं नाई."

मी मान खाली घातली.

"तुह्या भितीवरबी तेच लिवलं हाय ना?" ती म्हणाली. "मीच येडी. तुहं ऐकाले पायजे होतं!"

तिने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि घरापर्यंत तसाच ठेवला. तो हात आजही मला जड वाटतो. खरं काय ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

* * *

पुढं नियम तेच राहिले, पण पडताळणी मात्र सुरू झाली. यादीत आमची नावं लागली, आणि मग माझीही हवा गेली. सगळ्यांना "घाबरू नका" सांगणारी मी! पंचेचाळीसचे चाळीसच्या खाली आले तर?

लोक म्हणत होते, डॉक्टर चालायला लावतात. चांगलं चाललं की कट! मी खोलीचं दार लावून आरशासमोर लंगडायची प्रॅक्टिस सुरू केली. खरी लंगडी बाई लंगडायची प्रॅक्टिस करते! पण माझं रोजचं चालणं मलाच कमी वाटायला लागलं. जरा जास्त वाकून पाहिलं. भिंत धरून पाहिलं. तोंड वेडंवाकडं करून पाहिलं.

दार नीट लागलं नव्हतं. आई कधीची उभी होती कोण जाणे. म्हणाली, "वने, काय करून राह्यली वं?"

"उद्याची तयारी."

आई म्हणाली, "मंग उजवा लंगडव ना बाप्पा! तू डावा लंगडवून राह्यली!"

* * *

वाशिमच्या सरकारी दवाखान्यात ही लाइन! व्हरांड्यात कुबड्या, खुर्च्या, काठ्या. कोणी जयपूर फूट पिशवीत घालून आणलेला, घालून गेलं तर टक्के कमी होतील म्हणून. जो तो शेजारच्याच्या पायाकडे पाहत होता.

शोभाचा नंबर माझ्या आधी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पाय पाहिला, कागद पाहिला, आणि म्हणाल्या, "ताई, पाय काही परत उगवला नाही. साठचे साठ. जा."

शोभा बाहेर येऊन भिंतीला टेकली आणि रडायलाच लागली. आनंदाने.

मग मी. बाईंनी टेप लावून पाय मोजला. गुडघा वाकवला. पाठीला हात लावला तेव्हा मी ओरडले, ते काही प्रॅक्टिसचं नव्हतं.

"पाठ केव्हापासून दुखते?"

"दोन-तीन वर्षं झाले. दुकानात उभं राहावं लागते."

त्यांनी एक्स-रे काढायला लावला. तो उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिला. मग पेन उचलला. "तुमचा त्रास वाढलाय. कमरेपर्यंत गेलाय. आधीचे पंचेचाळीस चुकीचे नव्हते, पण आता ते बरोबर नाहीत."

"मंग?"

"एकसष्ट."

मी कागद घेऊन बाहेर आले आणि व्हरांड्यात ओरडले, "एकसष्ट! माहे एकसष्ट झाले!"

अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या! एका काठीवाल्या आजीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. गजाननने मशीनचा आवाज वाढवून पुन्हा विचारलं, "किती?" शेषराव मामा म्हणाले, "अभिनंदन! फर्स्ट क्लास!"

मी शोभाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या पुढे होते. एका टक्क्याने!

तिने डोळे पुसले. कुबडी घेऊन गेटबाहेर गेली आणि पावशेर पेढे घेऊन आली. दवाखान्याच्या पायरीवर आम्ही बसलो. माझी पाठ ठणकत होती, मला नीट टेकताही येत नव्हतं. तिने पहिला पेढा माझ्या तोंडात घातला. दुसरा स्वतःच्या. मग माझ्या हातातला कागद घेऊन तिने तो आकडा दोनदा वाचला, आणि इकडे-तिकडे पाहून, अगदी माझ्या कानाशी येऊन म्हणाली,

"मले बी सांग ना वं. काय केलं तं वाढले?"