जनरलनी निवडलेली माणसं

जनरल माणसं निवडायला बसले की आम्ही देव पाण्यात ठेवायचो. स्टुटगार्टातल्या आमच्या मराठी फुटबॉल संघाचे ते आठ वर्षं जनरल मॅनेजर होते. त्या आठ वर्षांत त्यांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे नोकरी, घरशोध आणि इथला हिवाळा यांनी मिळूनही दिले नाहीत. खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त ऑफिसात चालायचं. आमच्यात ते जनरल.

आमच्या रविवारच्या लीगमध्ये सहा संघ. दर मार्चमध्ये ड्राफ्ट व्हायचा, म्हणजे नव्या खेळाडूंची एकच यादी भिंतीवर लावायची आणि सहा मॅनेजरांनी नंबराने एकेक नाव उचलायचं. आदल्या मोसमात जो संघ तळाला, त्याचा पहिला नंबर. त्यामुळे पहिला नंबर कायम आमचाच असायचा.

एका वर्षी यादीत सगळ्यात वर एक पोरगेला विद्यार्थी होता, कॉलेजात नाव गाजवून आलेला. बाकीचे पाच मॅनेजर आमच्याकडे हेव्याने बघत होते. जनरलनी चष्मा लावला, यादी खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "बापट."

मी उडालोच. "अहो जनरल, त्याने आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नाही!"

"खो-खो खेळलाय. वळेल बघ कसा."

बापट वळायचा छान, बॉल त्याच्याबरोबर वळायचा नाही. पुढच्या वर्षी त्यांनी गोलकीपर म्हणून ठाकूर घेतला. बॉल आला की ठाकूर डोळे मिटायचा. त्यावर जनरलचं उत्तर तयार होतं, "मिटू दे की. जागा सोडून पळतो का?"

निवडीपेक्षा भयंकर त्यांचे करार. पैशाचा प्रश्नच नव्हता. करार म्हणजे तेवढे मोसम खेळाडू आपला, त्याला काढता येणार नाही. बाकीचे मॅनेजर एका मोसमाचा करार करायचे. जनरलनी बापटला तीन मोसमांचा दिला! "एका वर्षात माणूस कळतो का रे?" असं वर मलाच विचारलं. आम्हाला तर तो पहिल्या पाच मिनिटांत कळला होता.

केदार हा आमचा एकमेव खरा खेळाडू. तो आधीच्या मॅनेजरने आणलेला होता, हे सांगायला नकोच. गेल्या वर्षी त्याचा करार संपत आला आणि दुसरे संघ त्याच्याभोवती घुटमळू लागले. मैदान एका जर्मन क्लबचं, त्यामुळे कागदही त्यांचेच, जर्मन भाषेतले. जनरल क्लबच्या कपाटातून एक छापील अर्ज घेऊन आले, त्यावर केदारची सही घेतली, स्वतःची केली आणि सगळ्यांना जिलबी वाटली.

अर्जावर लिहिलं होतं, आउफहेबुंग्सफरट्राग.

"फरट्राग म्हणजे करार आणि आउफहेबेन म्हणजे जपून ठेवणं," ते मला समजावत होते. "दुकानातली बाई नाही का म्हणत, बिल आउफहेबेन करा? आल्झो, म्हणजे केदारला आपण जपून ठेवला!"

कौतुकाने मी त्या कागदाचा फोटो घरी बायकोला दाखवला. मेधा एका कंपनीच्या एचआरमध्ये काम करते. ती वाचता वाचता खालीच बसली.

"अरे, हे काय केलंत? माणूस नोकरीतून मोकळा करायचा असला की आम्ही हे देतो. आउफहेबेन म्हणजे रद्द करणंसुद्धा!"

एकच शब्द, जपून ठेवायलाही तोच आणि सोडून द्यायलाही तोच! मी क्लबात फोन केला तोवर केदार दुसऱ्या संघात दाखल झाला होता. महिन्याभराने त्याने आमच्यावरच चार गोल चढवले. चारही वेळा ठाकूरचे डोळे मिटलेले होते.

वार्षिक सभेत मीच उभा राहिलो. आठ वर्षांच्या निवडी आणि करार एकेक करून वाचले. लोक हसत होते आणि मला चेव चढत होता. जनरल मान खाली घालून ऐकत होते. शेवटी मी म्हणालो, ज्यांना नवा मॅनेजर हवा त्यांनी हात वर करा.

पहिला हात जनरलचा वर गेला.

"गेनाऊ," ते शांतपणे म्हणाले, "बरोबर बोलतोय तो." मग बाकीचे हात वर आले. सगळ्यात शेवटी, नाइलाजाने, बापटचा आला. नवा मॅनेजर म्हणून मलाच निवडलं.

या मार्चमधल्या ड्राफ्टला मी भिंतीवरची यादी वाचली आणि दचकलो. सगळ्यात खाली जनरलचं नाव होतं. वय अठ्ठावन्न, जागा: कुठलीही. मॅनेजर म्हणून ते कधी मैदानात उतरले नव्हते; आता त्यांना खेळायचं होतं. शेवटच्या फेरीत दोनच नावं उरली, ते आणि डार्मश्टाटहून येणारा एक तेवीस वर्षांचा पोरगा. बाकीच्या संघांच्या जागा भरलेल्या, निवडायचं फक्त मला होतं, तेही एकच नाव. जनरल भिंतीला टेकून उभे होते, पायात कोरे करकरीत बूट.

मी डार्मश्टाटच्या पोराचं नाव घेतलं. निर्णय चोख होता, कुणीही तोच घेतला असता. तरी माझी मान वर होईना. खोली रिकामी व्हायला लागली तेव्हा जनरल माझ्याकडे आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"बरोबर केलंस," ते म्हणाले. "तुझ्या जागी मी असतो ना, तर मला घेतलं असतं."