सिस्टरबाईंचा चष्मा

गडचांदूरकडे मी नवी नर्स होते, तेव्हा वापरलेल्या सुया उकळण्याआधी त्यांच्या भोकात बारीक तार घालून साफ कराव्या लागत. आमच्या सिस्टरबाईंना ते भोक दिसत नसे, तोरा मात्र मोठा. "मले नाई लागत चष्मा, माह्ये डोळे तरण्या पोरीसारखे आहेत," म्हणत त्या सुई मला धरायला लावत आणि स्वतः अंदाजानं तार खुपसत. एकदा कावीळवाल्या पेशंटची सुई अशीच सरकून माझ्या अंगठ्यात घुसली. रक्त आलं.

"हात काऊन हलवला तुनं?" बाई करवादल्या.

मग एप्रनच्या खिशातून त्यांनी चष्मा काढला, नाकावर नीट बसवला आणि रिपोर्ट बुकात माझा निष्काळजीपणा वळणदार अक्षरात लिहून काढला. एकही वेलांटी चुकली नाही.